साथीच्या रोगात वासरांची मरतूक अधिक का?

महाराष्ट्रात 2022 साली पसरलेल्या लम्पी चर्मरोगाच्या साथीची पहिली नोंद ऑगस्ट महिन्यात जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात, चिनावल येथे झाली. त्यानंतर रोग राज्यभर पसरला व जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. या रोगात एकंदर मरतूक साधारणपणे 1 ते 5 टक्के असते. मात्र हा आकडा सर्व वयाच्या जनावरांचा मिळून आहे. लहान वासरांना रोग अधिक तीव्र होतो.

समजा, गोठ्यातील 8 गाई व 2 वासरे आजारी पडली आणि दोन्ही वासरे दगावली. एकंदर मरतूक 20 टक्के दिसते. परंतु गाईंमध्ये ती शून्य, तर वासरांमध्ये 100 टक्के आहे. म्हणून मरतूक नेहमी वयानुसार वेगळी मोजावी. आज दगावलेली कालवड म्हणजे तीन वर्षांनंतरची दुभती गाय गेली, हे ध्यानात ठेवावे.

लाळ्या खुरकूत व वासरे

या रोगात मोठ्या जनावरांची मरतूक सहसा 1 ते 5 टक्के असते. वासरांमध्ये मात्र ती 20 टक्के किंवा त्याहून अधिक होऊ शकते. विषाणू वासराच्या हृदयाच्या स्नायूंना इजा करतात. त्यामुळे तोंडात फोड दिसण्यापूर्वीच वासरू अचानक दगावू शकते.

कारण काय?

गाय गाभण असताना तिच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून वासरास मिळत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात. वासराचे आतडे ही द्रव्ये पहिल्या काही तासांत उत्तम शोषून घेते. सुमारे 24 तासांनंतर ही क्षमता जवळजवळ संपते. मिळालेले संरक्षणही काही महिन्यांत ओसरते. वासराची स्वतःची प्रतिकारशक्ती तोपर्यंत पुरेशी तयार झालेली नसते. या मधल्या काळात धोका सर्वांत अधिक असतो.

सर्वच रोगांत हा नियम लागू पडत नाही. फऱ्या रोग मुख्यतः 6 महिने ते 2 वर्षे वयाच्या, बहुधा धष्टपुष्ट जनावरांना होतो. म्हणून रोगानुसार कोणते वय जपावयाचे ते ठरवावे.

पशुपालकांनी काय करावे?

1. वासरू जन्मल्यावर एक ते दोन तासांत चीक पाजावा. वार पडण्याची वाट पाहू नये. पहिल्या 24 तासांत वासराच्या वजनाच्या एक दशांश, म्हणजे 25 किलोच्या वासरास अडीच लिटर चीक दोन-तीन वेळा विभागून द्यावा.
2. गाईचे लसीकरण वेळेवर करावे. आईला लस असेल तरच चिकातून त्या रोगाविरुद्ध पुरेसे संरक्षण मिळते.
3. लाळ्या खुरकुताची पहिली लस वासरास 4 महिन्यांचे झाल्यावर, दुसरी मात्रा एक महिन्याने व पुढे दर 6 महिन्यांनी द्यावी.
4. लस दिलेल्या गाईच्या वासरास लम्पीची लस 4 ते 6 महिन्यांच्या वयात टोचून घ्यावी. गाईला लस नसल्यास वासरास कधी टोचावी, हे पशुवैद्यकास विचारावे.
5. फऱ्या व घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी.
6. साथीच्या काळात आजारी जनावर वेगळे बांधावे. त्याची देखभाल करून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय वासरांजवळ जाऊ नये. गोठ्यातील डास, माशा व गोचिडांचा बंदोबस्त करावा.
7. वासरास ताप आल्यास, धाप लागल्यास किंवा त्याने दूध सोडल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवावे.

प्रत्येक वासराची जन्मतारीख व लसीची तारीख वहीत लिहून ठेवावी. लसीची वेळ चुकू नये यासाठी ती नोंद उपयोगी पडते.