मागून कुणी मारलं?

“डॉक्टर, यानं मागून रॅकेट मारली मला. मुद्दाम नसेल मारली, पण मारली.”

सोमवारी सकाळी ४१ वर्षांचे एक गृहस्थ माझ्यासमोर बसून ठामपणे सांगत होते. शेजारी त्यांचा डबल्सचा जोडीदार चेहरा पाडून उभा. तो बिचारा त्या क्षणी पुढे नेटपाशी होता. मागून मारायला मागे कुणी नव्हतंच. मी गृहस्थांना पालथं झोपवलं, दोन्ही पावलं टेबलाच्या कडेबाहेर लोंबती ठेवली आणि पोटऱ्या दाबून पाहिल्या. उजवी पोटरी दाबताच पंजा झुकला. डावी दाबली, तर पाऊल जागचं हललं नाही. टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर खड्डा हाताला लागत होता. टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटली होती.

‘मागून कुणी मारलं?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की तो कानावर पडला की निम्मं निदान तिथेच होतं. कुणाला दगड लागल्यासारखा वाटतो, कुणाला लाथ, क्रिकेटवाल्यांना चेंडू. ‘फट्’ असा आवाज कधी कधी शेजारच्या कोर्टावरही ऐकू जातो. आणि पेशंट बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो: तिशी ते पन्नाशीतला पुरुष, शाळा-कॉलेजात बरं खेळलेला, आता आठवड्यातून एकदाच मैदानात उतरणारा.

या ‘बरं खेळलेला’मध्येच सगळी मेख आहे. कधीच न खेळलेला माणूस सावकाश सुरुवात करतो. जो कॉलेजच्या संघात होता, त्याच्या डोक्यातला खेळाडू बावीस वर्षांचाच राहिलेला असतो. शटल डोक्यावरून मागे गेलं, की तो विचार न करता उलटा झेपावतो. पाय मात्र सोमवार ते शुक्रवार लोकलमध्ये उभा असतो, नाहीतर खुर्चीखाली लोंबत असतो. दोन-तीन आठवडे खेळलं की दम परत येतो, घाम कमी येतो, आणि आपण फिट झालो असं वाटू लागतं. स्नायूही थोड्या दिवसांत सरावतो. पण स्नायूला हाडाशी बांधणारी ही दोरी फार संथ. तिला रक्तपुरवठा बेताचाच, आणि टाचेच्या वर दोन ते सहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात तो आणखी कमी. तिथेच ती तुटते. वाढत्या भाराची सवय व्हायला तिला महिने लागतात. म्हणजे दम म्हणतो ‘चल’, आणि शीर म्हणते ‘थांब’. ऐकलं जातं ते दमाचं.

जाता जाता एक सांगतो. जुलाब झाले की दुकानातून आपल्या मनाने सिप्रोफ्लॉक्सासिन आणून खाण्याची सवय आपल्याकडे आहे. त्या जातीच्या प्रतिजैविकांनी टेंडन कमकुवत होऊन तुटू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ पासून औषधाच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा छापायला लावला आहे. साठीच्या पुढचे आणि स्टेरॉइड घेणारे यांना धोका अधिक. असं औषध चालू असेल, तर त्या आणि पुढच्या काही आठवड्यांत उड्या मारायला जाऊ नका. आणि मुळात ते डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं होतं तर मग खेळायचंच कशाला? माझ्याकडे येणाऱ्यांच्या घरचे हे अगदी जाहीर बोलतात: “सांगा यांना डॉक्टर, झालं आता वय.” मी तसं सांगत नाही. कोपनहेगन शहरातल्या साडेआठ हजार लोकांचा सुमारे २५ वर्षं माग ठेवून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणारे सरासरी ९.७ वर्षं, बॅडमिंटन खेळणारे ६.२ वर्षं आणि फुटबॉल खेळणारे ४.७ वर्षं जास्त जगले. जॉगिंगवाल्यांना ३.२ वर्षं आणि जिमवाल्यांना १.५. याचा अर्थ रॅकेट धरली की सहा वर्षं खात्यात जमा, असा नाही. टेनिस खेळणारा मुळात खात्यापित्या घरचा असतो, हेही त्यात आलं. पण समोर माणूस असलेले, गप्पा होणारे, ‘उद्या ये रे’ असं कुणीतरी म्हणणारे खेळ वरच्या क्रमांकांवर असावेत, याचं मला नवल वाटत नाही. ट्रेडमिल कुणालाही ‘काल का नाही आलास’ असं विचारत नाही.

आठवड्यातून एकदोनदाच व्यायाम करणाऱ्यांचं काय, याचंही उत्तर आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या साठ हजारांहून अधिक लोकांवरचा २०१७ चा अभ्यास सांगतो, की आठवड्याचा सगळा व्यायाम एकदोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही हृदयविकाराच्या मृत्यूपासून जवळपास रोज करणाऱ्यांइतकंच संरक्षण मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये ‘एका वेळी किमान दहा मिनिटं’ ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याला मध्यम श्रमाची १५० मिनिटं किंवा दमवणाऱ्या श्रमाची ७५ मिनिटं भरली पाहिजेत, ती कशीही भरा. तेव्हा रविवारी दीड तास मनापासून बॅडमिंटन खेळणाऱ्या माणसाने अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

हृदयाचा हिशेब असा जमतो. शिरांचा जमत नाही. म्हणून वेळ नसलेल्यांना माझं सांगणं थोडं उलटं आहे: वेळ कमी असेल तर खेळ कमी करा, तयारी कमी करू नका. तासाभराचं कोर्ट बुक असेल, तर पंचेचाळीस मिनिटंच खेळा. पण होतं काय, कोर्टाचे पैसे तासावर मोजलेले असतात; त्यामुळे सहा जण बॅगा टाकतात आणि पहिल्या मिनिटाला स्मॅश सुरू. कृत्रिम गवताच्या टर्फवर क्रिकेट खेळणाऱ्यांचं तर याहून वाईट. रात्री दहानंतरचाच स्लॉट मिळतो, ऑफिसातून थेट यायचं, बूट बदलायचे की पहिल्याच चेंडूवर चोरटी धाव. मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला सगळे आता हॅमस्ट्रिंग म्हणतात, तो नेमका त्या पहिल्या दोन षटकांत जातो. पॅव्हेलियनमध्ये बसून थंड झालेला माणूस अकराव्या षटकात फलंदाजीला उतरला, तर तेव्हा जातो.

आधीची दहा मिनिटं अशी घालवा: दोन मिनिटं हलकं धावणं, आडवं सरकणं, उलट्या पावलांनी जाणं. मग पाय पुढे-मागे झुलवणं, पाऊल लांब टाकून गुडघ्यात वाकणं. शेवटी खेळातल्याच हालचाली, आधी अर्ध्या जोराने, मग पाऊण. शाळेच्या पीटीत शिकलेलं ‘पाय ताणून तीस आकडे मोजा’ हे खेळ संपल्यावर करा. खेळाआधी त्याने इजा टळत नाही, उलट जास्त वेळ ताणून धरलं तर उडीतला जोर थोडा वेळ कमीच होतो.

आणि आठवड्यातली तयारी? तिला जिमही लागत नाही, कपडेही बदलावे लागत नाहीत. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहा, टाचा बाहेर. दोन्ही पायांनी वर उचला, मग एका पायावर भार घेऊन अगदी सावकाश, तीन-चार आकडे मोजत खाली या. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. दुसऱ्या पायाचंही तेच. ही खाली येणारी संथ हालचालच शिरेला बळ देते. स्वीडनमधल्या हाकन आल्फ्रेडसन या शल्यचिकित्सकाने १९९८ मध्ये दुखऱ्या टाचेसाठी असाच बारा आठवड्यांचा कार्यक्रम प्रसिद्ध केला, आणि आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट त्याचेच वेगवेगळे अवतार शिकवतात. आमच्या घरी हा व्यायाम कुकरच्या तीन शिट्ट्यांमध्ये बसतो. दात घासताना एका पायावर उभं राहणं हा घोट्याचा व्यायाम. सुरुवातीला वॉशबेसिन धरा. तिसरा व्यायाम खुर्चीतून हात न लावता, एका पायावर जोर देत उठण्याचा. हे तिन्ही आठवड्यातून तीनदा झाले तरी पुरे. माझा स्वतःचा ढोबळ निकष असा, की एका पायावर सलग वीस वेळा टाच उचलता येत नसेल, तर त्या माणसाने अजून सिंगल्स खेळू नये. (हा निकष मी ४४ व्या वर्षी पोटरी फाडून घेतल्यावर शिकलो. तोवर पेशंटना सांगायचो आणि स्वतः करायचो नाही.)

वेळेचं आणखी एक गुपित सांगतो, विशेषतः आयांना. मुलाला संध्याकाळी क्लासला सोडून पालक तासभर बाकावर फोन घेऊन बसलेले मी रोज पाहतो. त्यात आया जास्त, कारण आणण्या-सोडण्याचं काम बहुतेक त्यांच्याचकडे. तोच तास तुमचा आहे. दोन-तीन जणी मिळून शेजारचं रिकामं कोर्ट मागा. सोसायटीत थ्रोबॉलचा संघ असेल तर त्यात घुसा. “आम्हाला काही येत नाही” हे वाक्य ज्या पुरुषांना खरोखर काही येत नाही, ते टर्फवर जाताना म्हणत नाहीत. बाळंतपणानंतर उडी मारताना लघवीचे थेंब जात असतील, तर त्या कारणाने खेळ सोडू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने बहुतेकींना फरक पडतो. फक्त लाज न धरता डॉक्टरांना सांगायला हवं.

आता हृदयाबद्दल, आणि इथे मी थट्टा करणार नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता किती पटींनी वाढते, हे मोजलं होतं. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा श्रम करणाऱ्यांत ती २.४ पट निघाली. एकदाही न करणाऱ्यांत १०७ पट. त्या एका तासाचा मूळ धोका अगदी थोडा असतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण वर्षभर बसून राहिलेला माणूस कंपनीच्या स्पर्धेत एकदम उतरतो, तेव्हा हा आकडा त्याचा असतो. त्यातून आपल्या लोकांना पहिला झटका पाश्चात्त्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. चाळिशी ओलांडली असेल आणि मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, किंवा वडील-भावाला पंचावन्नच्या आत झटका यांपैकी काही असेल, तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना भेटा. झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सगळं आलबेल, असं समजू नका.

खेळताना छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, थंड घाम यांतलं काही आलं, तर ‘वडापावची ॲसिडिटी’ म्हणून सोडा पिऊ नका. खेळ थांबवा आणि १०८ ला फोन करा. कुणी कोसळला, हाक दिल्यावर उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा, मदत येईपर्यंत. पाणी पाजणं, कांदा हुंगवणं, पाय चोळणं यात वेळ जातो. गटातल्या दोघांना तरी हे येत असावं.

बुटांचं थोडक्यात: धावण्याच्या बुटांचा तळ उंच आणि मऊ, आडवं पाऊल पडलं की घोटा मुरगळतो. कोर्टावर सपाट, गम सोलचे. टर्फवर बारीक रबरी दाण्यांचे. फुटबॉलचे लांब स्टड कृत्रिम गवतात अडकतात, पाय रुततो आणि गुडघा फिरतो. आणि डोळ्यांचं: डबल्समध्ये नेटपाशी उभे असाल तर मागे वळून जोडीदाराकडे पाहू नका. शटल डोळ्याच्या खोबणीत नेमकं मावतं.

आणि मुरगळलंच तर पहिले दोन-तीन दिवस शेकू नका, चोळू नका, ओळखीच्या माणसाकडे जाऊन ‘बसवून’ घेऊ नका. क्रेप बँडेज, पाय उशीवर, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, तोही फक्त दुखणं कमी करायला. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, किंवा लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायला हवा. दुखू नये म्हणून खेळाच्या *आधी* गोळी खाऊन उतरणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे. दुखणं हा पंच आहे. त्याला खोलीत कोंडून सामना खेळण्यासारखं हे. शिवाय मे महिन्याच्या घामात, पाणी कमी पडलेलं असताना ती गोळी मूत्रपिंडालाही त्रास देते.

१९४८ मध्ये सुरू झालेली मुंबईची कांगा लीग भर पावसाळ्यातल्या क्रिकेटसाठीच ओळखली जाते. ओली खेळपट्टी, चिखल, गुडघाभर गवत, आणि कसोटीपटूंच्या बरोबरीने ऑफिसात नोकरी करणारे. अशा शहराला ‘खेळू नका’ सांगणारा डॉक्टर ओपीडीत एकटाच बसेल.

ते गृहस्थ नऊ महिन्यांनी कोर्टावर परतले. आता ते दहा मिनिटं आधी जातात आणि कोपऱ्यात आडवे सरकत बसतात, बाकीचे हसतात. परवा त्यांचा तोच जोडीदार एकटा आला, करंगळी सुजलेली.

“कुणी मारलं?” मी विचारलं.

“त्यांनीच,” तो म्हणाला. “रॅकेटनं. या वेळी खरंच.”