आधी गोळ्या बघा, मग घराणं

१. भोवळ आली की सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.
माझ्या धाकट्या भावाला एमडीआर टीबी, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी. औषधं चालू असताना भोवळ आली म्हणून मुंबईतल्या लोअर परळमध्ये ईसीजी काढला. ‘लाँग क्यूटी, जन्मजात असतं, घरातल्या सगळ्यांना तपासा,’ असं सांगितलं गेलं. आईने अन्न सोडलं, बहिणीच्या लग्नाची बोलणी थांबली. गोळ्या कोणत्या, हे कुणी विचारलंच नव्हतं. बेडाक्विलिन, क्लोफाझिमिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन. तिन्ही क्यूटी, म्हणजे ईसीजीवर दिसणारा दर ठोक्याचा विद्युत काळ, लांबवणारी. हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडायची एक वाट असते. क्यूटी लांबवणारी बहुतेक औषधं तीच अडवतात आणि एका आनुवंशिक प्रकारात जनुकातल्या दोषामुळे तीच अडलेली असते. म्हणून दोन्ही आलेख सारखे दिसतात.

२. उपचाराआधीचा ईसीजी म्हणजे सोनं.
तो कागद उष्णतेने छापलेला असतो, काही वर्षांत पुसट होतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, अख्खा काळा पडतो. झेरॉक्स काढा. आमच्याकडे ती होती: तेव्हा क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेली क्यूटी) ४२० मिलिसेकंद, आता ५१०. पाचशेच्या वर गेलं की जिवाला धोका. टीबीच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि रोख औषधांकडे वळला.

३. मळमळीची गोळी परस्पर घेऊ नका.
ऑन्डॅनसेट्रॉन, डोम्पेरिडोनही क्यूटी लांबवतात. त्यात उलट्यांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरलेलं, त्यानेही क्यूटी लांबते. ॲझिथ्रोमायसिनही तसंच, आणि ते तर आपल्याकडे साध्या खोकल्यालाही घेतात!

४. घाबरून टीबीची औषधं सोडू नका.
काय थांबवायचं, काय बदलायचं, ते डॉक्टरच ठरवतील. बेडाक्विलिनबरोबर ठरावीक दिवसांनी ईसीजी काढतात तो याचसाठी. ती तारीख चुकवू नका.

५. आनुवंशिकतेची शंका कधी धरायची?
बेडाक्विलिन शरीरात महिनोन्महिने रेंगाळतं, त्यामुळे ते बंद केल्यावर लगेच काढलेल्या ईसीजीवर निकाल लावता येत नाही. पुरेसा काळ गेल्यावरही क्यूटी लांबच राहिली, किंवा घरात कुणी तरणंताठं अचानक गेलं असेल, पळताना बेशुद्ध पडलं असेल, तर जनुकीय तपासणी जरूर करा. कधीकधी औषध मुळातला लपलेला दोषच उघडा पाडतं. भावाची क्यूटी आठ महिन्यांनी पूर्ववत झाली. बहिणीच्या सासरच्यांना आम्ही दोन्ही कागद दाखवले.