लांब ध्वनिफितीची खतावणी

जमाखर्चाच्या पहिल्याच तासाला आम्हाला शिकवले गेले की व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने आधी रोजकीर्दीत लिहावा, मग खात्याखात्यावर त्याची खतावणी करावी. खतावणी झाली म्हणून रोजकीर्द फाडायची नसते. लांब ध्वनिमुद्रणाचे तुकडे करताना हाच नियम पाळावा लागतो. मला तो जरा महागात पडून कळला, म्हणून हा लेख.

आमच्या घरी १९८७ सालची नव्वद मिनिटांची एक कॅसेट आहे. मामांनी आज्जीच्या ओव्या तिच्यावर टेप करून ठेवल्या होत्या. आज्जीचे माहेर कानडी, सासर मराठी. त्यामुळे मराठी ओवी संपली की त्याच दमात ती कानडी बीसुव पद धरी. (बीसुव पद म्हणजे दळताना म्हणायचे पद, त्याचा छंद त्रिपदी, तीन ओळींचा.) आज्जी २०११ साली गेली. ही कॅसेट संगणकावर घेऊन एकेक ओवी सुटी करून दे, असे घरातून मला सांगण्यात आले.

कॅसेट संगणकावर घेणे अवघड नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जागेतून वायर काढून ती संगणकाला जोडायची आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मुद्रण सुरू करायचे. आवाज मात्र बेताचा ठेवावा. आलेखाचा शेंडा वरच्या कडेला टेकला की तेवढा आवाज फाटला, आणि तो मागाहून हळू केला तरी दुरुस्त होत नाही. दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटचा, डावी-उजवी बाजू मिळून १,७६,४०० बाइट. म्हणजे नव्वद मिनिटांचे सुमारे ९५ कोटी बाइट होतात. एकट्या माणसाच्या आवाजाला एकच बाजू पुरते आणि जागा निम्मी लागते.

खरी अडचण तुकडे पाडताना आली. या सॉफ्टवेअरमध्ये ‘लेबल साउंड्स’ नावाची एक सोय आहे. आवाजाची एक पातळी, म्हणजे उंबरठा म्हणा, आपण ठरवून द्यायची. आवाज त्या उंबरठ्याखाली ठराविक काळ राहिला की तिथे एक गाणे संपले असे धरून ते आपोआप खुणा करते. मी एक सेकंदाची शांतता सांगितली. कॅसेटच्या अ बाजूला सबंध पंचेचाळीस मिनिटांचे एकच गाणे निघाले! कारण त्या बाजूला आज्जी खरोखरच दळत होती आणि जात्याची घरघर कुठे थांबतच नव्हती. ब बाजूला ती नुसती बसून म्हणत होती, दर ओळीला श्वास घेत होती. तिथे १४३ तुकडे पडले. यंत्राला शांतता सापडते, ओवी सापडत नाही.

मग मी कानाला येईल तसे तुकडे पाडले. मधले बोलणे काढून टाकले, तुकडे एमपी-थ्री करून सर्वांना पाठवले आणि जागा अडते म्हणून मूळ लांब फाइल पुसून टाकली. आठवड्याने मावशीने विचारले, ‘‘अरे, ही ओवी कुणाकडून शिकले ते आई सांगते ना मध्येच, ते कुठं गेलं?’’ ते मीच पुसले होते. कॅसेट पुन्हा लावली, तर फीत चाकात अडकून हातभर चुरगळली. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. हातभर फीत म्हणजे नऊ-दहा सेकंद. दोन्ही बाजू त्याच एका फितीवर शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे अ बाजूबरोबर ब बाजूचेही तेवढेच बिघडले.

दुसऱ्या खेपेला मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात दोन ठिकाणी ठेवले आणि त्यावर कात्री चालवलीच नाही. ओवी जिथून जिथवर आहे तेवढा भाग निवडायचा, कंट्रोल आणि बी ही कळ दाबायची, की खाली खूण उमटते. तिथे नाव लिहायचे. कड निवडल्यावर झेड दाबले तर ती जवळच्या शून्यरेषेवर जाऊन बसते, नाहीतर तुकड्याच्या सुरुवातीला टक् असा आवाज येतो. नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी आकडे द्यावेत. नुसते १, २ दिले तर पुष्कळदा १ नंतर १० येतो. सर्व खुणा झाल्या की ‘एक्स्पोर्ट ऑडिओ’मध्ये ‘मल्टिपल फाइल्स’ निवडायचे (जुन्या आवृत्त्यांत ‘एक्स्पोर्ट मल्टिपल’ असे वेगळेच होते), आणि प्रत्येक खुणेची स्वतंत्र फाइल तयार होते. मूळ मुद्रण जसेच्या तसे राहते.

या रीतीचा मोठा फायदा असा की दोन खुणा एकमेकींवर येऊ शकतात. ‘‘हे माझ्या आत्तीनं शिकवलं’’ हे आज्जीचे वाक्य आधीच्या ओवीचे की पुढच्या पदाचे, यावर घरात दोन मते होती. मी ते दोन्ही तुकड्यांत घेतले. मामांना अजूनही वाटते की लोकांना नुसती गाणी हवी असतात, बोलणे नको. मला ते पटत नाही. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या ओव्यांबरोबर गाणारीचे नाव आणि गावही नोंदलेले आहे. आज्जीची ती नोंद तिच्या बोलण्यातच आहे.

खुणांची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्येही काढून ठेवता येते: सुरुवातीचा सेकंद, शेवटचा सेकंद, नाव. आमच्या यादीत ३८ नोंदी आहेत. त्यांतल्या २१ व्या नोंदीपुढे नाव नाही. ते कानडी पद आहे आणि त्याची तिसरी ओळ चुरगळलेल्या फितीत गेली आहे. मावशीला पहिल्या दोनच ओळी आठवतात. कन्नड विभागाच्या वाचकांपैकी कोणाच्या आज्जीला अशी पदे येत असतील तर मला वर्गात भेटावे. तुकडा मोबाइलमध्ये आहे, ऐकवतो.