गोटा, संत्रे आणि संगणक

चित्रांचे तीन प्रकार सांगता येतील. पहिले स्थिर चित्र. ते भिंतीवर असते आणि आपण त्याच्यापुढे उभे राहतो. दुसरे चलचित्र. ते हलते, बोलते, हसवते व रडवते. परंतु आपण टाळ्या वाजवल्या काय किंवा डोळे मिटून घेतले काय, त्याच्या कथेत तिळमात्र फरक पडत नाही. तिसरा प्रकार संगणकाने आणला. ह्यात पाहणाऱ्याने कळ दाबली तर चित्रातील पात्र चालते, न दाबली तर थांबते. कथेने पुढे कोणत्या वाटेने जावे, हे काही अंशी पाहणाराच ठरवतो. अशा चित्रास ह्या लेखात आम्ही ‘संवादी चलचित्र’ असे नाव देत आहोत.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आमच्या वर्गात दोन्ही तालुक्यांतील मुलेमुली आहेत. आम्ही काही विद्यार्थ्यांनी मिळून यंदा एक संवादी चलचित्र तयार केले. ते कसे केले, त्यात गणित कोठे उपयोगी पडले आणि गणिताने न सुटणारा एक प्रश्न कसा उभा राहिला, हे वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

हलण्याचा भास

चलचित्रात वस्तुतः काहीही हलत नसते. वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर किंचित सरकवून चेंडू काढावा आणि पाने भराभर सोडावीत; चेंडू उड्या मारू लागतो. थोड्याथोड्या फरकाची चित्रे डोळ्यांपुढून वेगाने गेली की आपला मेंदू ती जोडून घेतो आणि त्यांतून गती निर्माण करतो. चित्रपटात दर सेकंदास 24 चित्रे दाखवण्याचा प्रघात पडला. म्हणजे एका मिनिटाच्या पटास 1,440 चित्रे लागतात. ती सारी हाताने काढावयाची तर किती चिकाटी हवी, ह्याची कल्पना वाचकांनी करावी.

ही चिकाटी आपल्या भाषेच्या प्रांतास नवी नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके ह्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली पडद्यावर आणला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी 1912 साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे दिवसेंदिवस टिपली होती. ती सलग दाखवताच रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. पुढे त्यांनी आगकाड्या जरा जरा सरकवून त्यांचाही एक गमतीचा पट केला. 1934 साली प्रभात कंपनीच्या नावाने ‘जंबूकाका’ हा रेखाचित्रांचा लघुपट आला. ह्या मंडळींना प्रत्येक हालचाल एकेका चित्राने उभी करावी लागली. आम्हांस मात्र संगणकाचे साहाय्य होते.

साधन आणि रंगमंच

आम्ही ‘स्क्रॅच’ नावाची प्रणाली वापरली. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत मिचेल रेझ्निक ह्यांच्या गटाने ती मुलांसाठी तयार केली आणि 2007 साली सर्वांस विनामूल्य खुली केली. एकदा उतरवून घेतल्यावर ती इंटरनेटवाचूनही चालते, ही गोष्ट आमच्या भागातील शाळांना फार सोयीची आहे. हिच्यात संगणकाच्या आज्ञा लिहाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळ्यांवर एकेक आज्ञा छापलेली असते, आणि लहान मुले लाकडी ठोकळे रचतात त्याप्रमाणे ते एकाखाली एक जोडावयाचे असतात.

चित्र जेथे दिसते त्यास तेथे रंगमंच म्हणतात. त्याची रुंदी 480 आणि उंची 360 एकके असते. मधोमध शून्य. उजवीकडे 240, डावीकडे उणे 240. वर 180, खाली उणे 180. आलेखाच्या पाठात ज्या दोन अक्षांचा आम्हांस कंटाळा येत असे, तेच अक्ष येथे जमीन आणि आकाश होऊन पुढे आले. पात्रास कोठे उभे करावयाचे हे सांगण्यास दुसरी भाषाच नाही.

पात्रे आम्ही कागदावर काढली, त्यांची छायाचित्रे घेतली आणि संगणकात घातली. एका माणसाच्या चालण्यास चार चित्रे पुरली: उजवा पाय पुढे, दोन्ही पाय जवळ, डावा पाय पुढे, पुन्हा जवळ. ही चार चित्रे आळीपाळीने दाखवली की माणूस चालू लागतो.

संत्र्याचे पडणे, गोट्याचे उडणे

विषय निवडताना प्रथम सौंसरकडील मुलांनी संत्र्याची बाग सुचवली. आमच्या दोन्ही तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत, तेव्हा आरंभीचा धडा म्हणून आम्ही तोच घेतला. फांदीवरून संत्रे गळावे आणि पाहणाऱ्याने बाणाच्या कळांनी टोपली डावीउजवीकडे सरकवून ते झेलावे, एवढीच योजना होती.

संत्रे सारख्याच गतीने खाली आणले तर ते दोरीने सोडल्यासारखे दिसते. खरी वस्तू पडताना तिचा वेग वाढत जातो. म्हणून आम्ही ‘वेग’ नावाची एक राशी केली आणि नियम असा घातला: प्रत्येक टप्प्यात आधी वेगातून 1 वजा करावा, मग संत्रे वेगाइतके सरकवावे. आरंभीचा वेग 0. पहिल्या टप्प्यात संत्रे 1 एकक खाली येते, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 3. पंधराव्या टप्प्याअखेर 1 पासून 15 पर्यंतच्या संख्यांची बेरीज, म्हणजे 120 एकके पडते. फांदी 20 वर आणि टोपली उणे 100 वर ठेवली की हिशेब तंतोतंत जुळतो. स्क्रॅच एका सेकंदात असे सुमारे 30 टप्पे घेते. तेव्हा संत्रे अर्ध्या सेकंदात टोपलीत येते.

पांढुर्ण्याच्या मुलांचा आग्रह दुसऱ्या विषयाचा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरकडे तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक असते तेव्हा, पांढुर्ण्यास जाम नदीवर गोटमार भरते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. तो काढून आणण्यासाठी दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे फेकले जातात. झेंडा हाती आला की गोटे थांबतात आणि तो चंडीमातेस अर्पण होतो. ह्या परंपरेमागे एक दंतकथा सांगतात. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची तरुणी नदी ओलांडून जात असता मुलीकडच्यांनी त्यांच्यावर दगड फेकले, मुलाकडच्यांनी उलट फेकले आणि ती दोघे पाण्यातच मरण पावली.

गोटा उडवण्यास नवे गणित लागले नाही. संत्र्याचाच नियम ठेवला; फक्त आरंभीचा वेग 11 दिला आणि प्रत्येक टप्प्यात गोटा 16 एकके पुढे सरकवला. पहिल्या टप्प्यात तो 10 एकके वर जातो, मग 9, मग 8. 55 एककांची उंची गाठून तो उतरू लागतो आणि 21 टप्प्यांनी मूळच्या पातळीवर येतो. तेवढ्यात तो 336 एकके पुढे गेलेला असतो, म्हणजे उणे 168 वरच्या काठावरून 168 वरच्या काठावर. फेकलेली वस्तू अशीच वक्र वाट चालते, हे गॅलिलिओने 1638 च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. ती वाट आम्ही बेरीज-वजाबाकीने काढली, ह्याचा आनंद मोठा होता.

‘जर’ आणि ‘तर’

येथवर सर्व सुरळीत होते. पुढे एक ठोकळा लागला. त्यावर ‘जर’ आणि ‘तर’ असे दोन भाग असतात. ‘जर गोटा माणसाला लागला’ हा पहिला भाग आम्ही भरला. ‘तर’ पुढची जागा रिकामी होती. ती भरल्यावाचून चित्र पुढे सरकत नाही.

संत्रे टोपलीत पडले ‘तर’ आम्ही एक गुण दिला होता. एकाने सहज सुचवले की येथेही एक गुण द्यावा. बाजारातल्या खेळांत तसेच असते. त्यावर आमच्यांत दोन दिवस वाद झाला. आमच्यांपैकी काहींच्या घरी गोटमारीत डोके फुटलेली माणसे आहेत. दरवर्षी अनेक लोक जखमी होतात आणि आजवर काहींचे प्राणही गेले आहेत. त्या जखमेस गुण द्यावयाचा का? दुसऱ्या बाजूने असेही म्हणणे आले की गोटमार ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे, आपण मुलांनी तिचा उपहास करू नये. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते.

वादातून एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. साध्या चलचित्रात गोटमार दाखवली असती, तर पाहणारा काठावरचा प्रेक्षक राहिला असता. संवादी चलचित्रात कळ पाहणाऱ्याच्या बोटाखाली असते. कळ दाबल्याने गोटा सुटत असेल, तर तो गोटा त्याने फेकलेला असतो. संगणकाच्या लेखी संत्रे आणि गोटा एकच आहेत; दोहोंचा वेग एकाच वजाबाकीने बदलतो. भेद असतो तो पाहणाऱ्यास आपण कोठे उभे करतो आणि त्याच्या हाती काय देतो, ह्यात. हा निर्णय यंत्र घेत नाही. तो चित्र करणाऱ्यास घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष गोटमारीतही प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले होते. तो उपाय टिकला नाही. त्याचे एक कारण आम्हांस असे वाटते की हातातील वस्तू बदलली तरी उभे राहण्याची जागा तीच राहिली होती. आम्ही म्हणून जागा बदलावयाचे ठरवले.

नदीच्या मध्यभागी

आमच्या चलचित्रात पाहणाऱ्यास कोणताही काठ मिळत नाही. त्याच्या हाती दंतकथेतील ती दोघे असतात. बाणाच्या कळांनी त्यांना पाण्यातून पळसाच्या झाडाकडे न्यावयाचे आणि दोन्ही बाजूंनी येणारे गोटे चुकवावयाचे. गोटा फेकण्याची कळच नाही. गोटा लागला ‘तर’ गुण मिळत नाही की वजा होत नाही. ढोल थांबतो, चित्र तीन सेकंद स्तब्ध राहते आणि ती दोघे पुन्हा काठाशी येतात. झेंड्यास हात लागला ‘तर’ एक संदेश सर्व पात्रांना जातो आणि दोन्ही काठांवरचे हात खाली येतात. हा शेवट आम्ही मूळ प्रथेतूनच घेतला. स्क्रॅचमध्ये हिरव्या झेंड्यावर टिचकी मारली म्हणजे खेळ सुरू होतो आणि गोटमारीत झेंडा हाती आला म्हणजे खेळ थांबतो, ह्या योगायोगाची आम्हांस मौज वाटली. कथा ही दंतकथा आहे, असे पहिल्याच चित्रावर आम्ही स्पष्ट लिहिले आहे.

चलचित्र खालच्या वर्गांतील मुलांना दाखवले, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच होता: “आपला काठ कोणता?” दुसरा प्रश्न: “गोटा कोणत्या कळीनं मारायचा?” आम्ही उत्तर न देता त्यांना खेळू दिले. चारपाच वेळा गोटे लागल्यावर प्रश्न बदलला. आता ती विचारीत होती, “दोघांना एकदम कसं न्यायचं? एकाला वाचवलं की दुसऱ्याला लागते.” एक मुलगी थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “आपल्याकडचे गोटे पण आपल्यालाच लागून राहिले.” आम्ही दोन दिवस वाद घालून जे शोधले, ते तिने पाच मिनिटांत सांगितले.

पुढे करणाऱ्यांसाठी

ज्या विद्यार्थ्यांना असे काम करावयाचे असेल, त्यांच्यासाठी चार सूचना लिहितो. संगणकापुढे बसण्यापूर्वी सर्व कथा चौकटी पाडून कागदावर काढावी. एका वेळी एकच हालचाल जमवावी आणि ती जमल्यावरच दुसरी जोडावी. प्रत्येक राशीस अर्थपूर्ण नाव द्यावे, म्हणजे आठवड्याने पाहिले तरी कळते. आणि चित्र ज्यांनी पूर्वी पाहिलेले नाही अशांच्या हाती देऊन, आपण न बोलता, त्यांची बोटे कोठे जातात हे पाहावे.

ह्या चलचित्राने गोटमार थांबेल, असा आमचा मुळीच दावा नाही. परंपरेचा निर्णय वडीलधारी मंडळी आणि सारा गाव मिळून करतील. तथापि दरवर्षी दोन्ही काठांवर जे हात गोटा उचलतात, त्यांत तरुणांचे हात पुष्कळ असतात, आणि आम्हीही लवकरच त्या वयाचे होऊ. नदीच्या मध्यभागातून दोन्ही काठ कसे दिसतात, हे ज्याने एकदा पाहिले, त्याच्या हातातील गोटा क्षणभर तरी थबकेल. तेवढा क्षण विचारास पुरतो, असे आम्हांस वाटते.