कायम पद, तात्पुरती नेमणूक आणि धारणाधिकार

तहसील कार्यालयातील कायम लिपिकाची दुसऱ्या शासकीय विभागातील तात्पुरत्या पदावर निवड होते. वेतन अधिक, काम आवडीचे; परंतु पद ठरावीक मुदतीचे. अशा वेळी आनंदाच्या भरात दोन ओळींचा राजीनामा लिहून देण्याचा मोह होतो.

महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ यांमध्ये 'धारणाधिकार' ही संज्ञा आहे. कायमपणे धारण केलेल्या पदावर अनुपस्थितीचा काळ संपताच परत येण्याचा हक्क, असा तिचा अर्थ. तात्पुरते पद संपुष्टात आले तर याच हक्काच्या आधारे मूळ पदावर परतता येते. साधा राजीनामा स्वीकारला गेला की हा आधार तुटतो.

निवृत्तिवेतन नियम, १९८२ अन्वये राजीनाम्यामुळे पूर्वीची सेवाही गमावली जाते. अपवाद महत्त्वाचा आहे. निवृत्तिवेतनार्ह अशी दुसरी शासकीय नेमणूक, मग ती तात्पुरती का असेना, रीतसर परवानगीने स्वीकारण्यासाठी राजीनामा दिला असेल, तर सेवा बुडत नाही. म्हणून अर्ज कार्यालयप्रमुखांमार्फतच जावा आणि राजीनामा द्यावाच लागला तर त्यात नव्या नेमणुकीचा व परवानगीच्या आदेशाचा उल्लेख असावा. 'वैयक्तिक कारणास्तव' हे सवयीचे शब्द येथे घातकच ठरतात. खाजगी संस्थेतील नोकरीला हा अपवाद नाही.

१ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना सामान्यतः अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू झाली. धारणाधिकाराचा प्रश्न त्यांच्याही बाबतीत उरतोच. कार्यमुक्तीच्या आदेशात त्याचा उल्लेख आहे किंवा कसे, हे पद सोडण्यापूर्वी पाहून घ्यावे.