बिनपंपाची मोटार आणि नागपूरचा उन्हाळा

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात एखादी बुटकी, दोन आसनांची, उघड्या टपाची इंग्रजी गाडी तुम्ही पाहिली असेल. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अशा गाड्यांना मोठी मागणी होती. त्यांपैकी एक कूळ म्हणजे ‘ऑस्टिन सेव्हन’. सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी ही गाडी १९२२ साली बाजारात आणली. तिच्या आराखड्यात त्यांना मदत करणारा स्टॅन्ले एज हा मुलगा तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता! थोड्याच काळात तिचे इंजिन ७४७ घन सेंटिमीटरचे झाले. १९२९ साली आयर्लंडमधील अल्स्टरच्या शर्यतीत या कुळातील एका गाडीने मोठमोठ्या गाड्यांच्या रांगेत तिसरा क्रमांक पटकावला. त्यावरूनच तिच्या शर्यती रूपाला ‘अल्स्टर’ हे नाव पडले.

आता एक प्रश्न. अशी एखादी ऑस्टिन सेव्हन मे महिन्याच्या दुपारी सीताबर्डीहून निघाली, तर कामठी, कन्हान, मनसर करीत रामटेकचा गड चढेल का? की वाटेतच तिच्या तोंडातून वाफा निघू लागतील?

उत्तर शोधण्यासाठी आधी इंजिनाकडे पाहू. पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिच्यापैकी साधारण चौथाईच गाडी ओढण्याच्या कामी येते. बाकीची काही धुराबरोबर जाते आणि बरीचशी इंजिनाच्या धातूत शिरते. ती बाहेर काढली नाही, तर दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून बसेल. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवतात आणि ते पाणी रेडिएटरमध्ये हवेने थंड करतात.

आजच्या मोटारीत हे पाणी पंपाने फिरते. मूळ ऑस्टिन सेव्हनमध्ये मात्र पंपच नव्हता! मग पाणी फिरवीत होते कोण?

आजीच्या घरचा तांब्याचा बंब आठवा. वरच्या नरसाळ्यात थंड पाणी ओतले की ते नळीतून तळाशी जाते आणि वरचे गरम पाणी तोटीतून बाहेर येते. गरम पाणी हलके, म्हणून ते वर राहते. थंड पाणी जड, म्हणून ते खाली बसते. या गाडीतही तेच घडते. इंजिनातील तापलेले पाणी वर चढून जाड नळीने रेडिएटरच्या माथ्यावर जाते. तेथे निवून ते खाली उतरते आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात येते.

हा रेटा किती असतो? एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान ६० अंश सेल्सिअसला ९८३ किलोग्रॅम, तर ९० अंशांना ९६५ किलोग्रॅम भरते. दोन्ही बाजूंचे पाण्याचे स्तंभ ४० सेंटिमीटर उंच धरले, तर त्यांच्या दाबातील फरक जेमतेम ७ मिलिमीटर उंचीच्या पाण्याइतका येतो. एवढ्याशा रेट्यावर सारा कारभार! म्हणूनच नळ्या जाड हव्यात आणि रेडिएटर काठोकाठ भरलेला हवा. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली, की साखळी तुटते आणि अभिसरण थांबते.

आता नागपूरचा हिशेब करू. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, म्हणून येथे पाणी ९९ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकील, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. लंडनमध्ये हवा २० अंशांवर असेल, तर हा फरक जास्तीत जास्त ८० अंश. नागपुरात हवा ४५ अंशांवर असेल, तर ९९ वजा ४५, म्हणजे ५४ अंश. तेथे जो रेडिएटर तीन भाग उष्णता फेकतो, तोच येथे दोनच भाग फेकील. शिवाय गडाच्या चढावर इंजिनाला काम जास्त आणि वेग कमी, म्हणजे समोरून येणारा वाराही कमी. तेव्हा भर दुपारी गाडीने वाफ सोडली, तर दोष तिचा नव्हे!

उपाय सोपा आहे. पहाटे हवा ३० अंशांवर असताना निघा. मग फरक ६९ अंश होतो आणि चढ सुसह्य ठरतो.

पुढच्या काळात पंप आला आणि रेडिएटरला दाब धरणारे झाकणही आले. आतील दाब वातावरणाच्या दुप्पट झाला, की पाणी १२० अंशांना उकळते. १२० वजा ४५, म्हणजे ७५. नागपुरातही जवळजवळ लंडनइतका फरक मिळाला! पण यातच धोका आहे. तापलेल्या गाडीचे झाकण उघडताच दाब उतरतो, शंभर अंशांवरचे पाणी त्याच क्षणी उकळते आणि कारंज्यासारखे अंगावर येते. तेव्हा गाडी पुरती निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नका, आणि घरच्या मोठ्यांनाही हे सांगा.

करून पाहा : काचेच्या चंचुपात्रात पाणी घ्या. तळाशी एका कडेला पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा हलकेच सोडा आणि नेमकी त्याच्याखाली मेणबत्तीची ज्योत धरा. जांभळी रेघ कोणत्या वाटेने फिरते ते वहीत काढा. मोठे माणूस जवळ असू द्या.

आणि जाता जाता एक कोडे : ऑस्टिन सेव्हनचा रेडिएटर इंजिनाच्या खाली बसवला असता, तर काय झाले असते?