खाण तशी माती? : गळ्यांतील एक ग्रंथि आणि आनुवंशिकता

‘खाण तशी माती’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. मुलाचें नाक बापासारखें, मुलीचा आवाज आईसारखा, असें म्हणतांना आपण तिचाच आधार घेतों. आणि घरांत एकादा रोग दोघांतिघांस जडला, म्हणजेही ‘तें त्यांच्या रक्तांतच आहे’ असा निकाल देऊन मोकळे होतों. हा निकाल कोठें खरा, कोठें खोटा व कोठें अर्धाच खरा असतो, हें गळ्यांतील एका लहानशा ग्रंथीच्या उदाहरणानें वाचकांपुढें मांडावें, असें आम्हीं योजिलें आहे.

कंठमण्याच्या किंचित् खालीं, श्वासनलिकेस दोन्ही बाजूंनीं बिलगून, पंख पसरलेल्या फुलपांखरासारखी ही ग्रंथि बसलेली असते. तिला थायरॉइड किंवा अवटुग्रंथि म्हणतात. मोठ्या माणसांतही तिचें वजन दीड-दोन तोळ्यांपलीकडे सहसा जात नाहीं. पण तिचें राज्य मोठें आहे. अंगांतील उष्णता, हृदयाची गति, मुलाची उंची आणि मुख्यतः तान्ह्या बालकाच्या मेंदूची वाढ हीं सर्व तिच्या स्रावावर अवलंबून असतात. हा स्राव तयार करण्यास आयोडिन लागतें. अमेरिकेंतील केंडाल या रसायनशास्त्रज्ञानें १९१४ सालीं नाताळच्या दिवशीं तो प्रथम शुद्ध स्वरूपांत वेगळा केला व पुढें त्यास थायरॉक्सिन हें नांव मिळालें.

स्राव किती व्हावा हें ठरविणारी दुसरी ग्रंथि मेंदूच्या तळाशीं आहे, ती पीयूषिका. शेतांत दारें धरणारा माणूस जसा वाफा सुकला कीं पाण्यास वाट करून देतो व भिजला कीं बांध घालतो, तशीच हिची रीत आहे. रक्तांत थायरॉक्सिन कमी पडलें कीं ही टी.एस.एच. नांवाचा निरोप अधिक पाठविते, व पुरेसें झालें कीं हात आंखडते. फार दिवस निरोपावर निरोप येत राहिले, म्हणजे बिचारी अवटुग्रंथि काम उरकण्यासाठीं फुगते. तोच गलगंड होय.

आतां पहिली गोष्ट ऐका. हिमालयाच्या पायथ्याशीं कांगडा नांवाचें खोरें आहे. तेथें आजाच्या, बापाच्या आणि नातवाच्याही गळ्यास गलगंड दिसे. कोणीही म्हणावें, हा तर वंशाचा रोग! परंतु डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ पासून तेथें एक प्रयोग केला. सुमारें एक लाख वस्तीच्या मुलखाचे तीन भाग पाडून दोन भागांस आयोडिनयुक्त मीठ व एका भागास साधें मीठ पुरविलें. कांहीं वर्षांनीं शाळेंतील मुलांचे गळे तपासले, तेव्हां पहिल्या दोन भागांत गलगंड पुष्कळच कमी झालेला आढळला. साध्या मिठाच्या भागांत तो होता तसाच राहिला. तिन्ही भागांतील लोकांचें रक्त तेंच होतें; बदललें होतें केवळ मीठ. पर्वताच्या जमिनींतील आयोडिन पाऊस, बर्फ व पूर यांनीं युगानुयुगें धुवून नेलें होतें, आणि आडांतच नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? येथें दोष खरोखरीच मातीचा होता, खाणीचा नव्हता. या अनुभवावरून १९६२ सालीं भारतांत राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

दुसरी गोष्ट हिच्या अगदीं उलट आहे. १८९६ सालीं इंग्लंडांत व्हॉन पेंड्रेड नांवाच्या डॉक्टरानें एका कुटुंबांतील दोन बहिणींची हकीकत प्रसिद्ध केली. दोघीही बहिऱ्या, आणि दोघींच्याही गळ्यास गलगंड. या दुखण्याचें मूळ सांपडण्यास पुढें एकशें एक वर्षें लागलीं. १९९७ सालीं सातव्या गुणसूत्रावरील एक जनुक त्यास कारण आहे असें सिद्ध झालें. हें जनुक ज्या प्रथिनाचा नमुना सांभाळतें, तें अवटुग्रंथींत आयोडिन योग्य कोठारांत पोंचवितें, आणि कानाच्या अंतर्भागांतील द्रवाचा समतोलही राखतें. म्हणून एकच नमुना बिघडला असतां गळा व कान दोन्हींस बाधा होते. येथें मात्र दोष खाणीचाच होता.

परंतु खाणीचा दोष म्हणजे आईबापांचा अपराध नव्हे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रति आपणांजवळ असतात. एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावते. त्यामुळें असे आईबाप स्वतः निरोगी असतात, व आपण काय वाहून नेत आहों याची त्यांस वार्ताही नसते. दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत मुलास मिळाली, तरच रोग प्रकट होतो. आणि तसें होण्याचा संभव प्रत्येक बाळंतपणीं चारांत एक एवढा असतो. पहिलें मूल तसें झालें म्हणून पुढचीं तीन निर्धास्त, असा हिशेब चुकीचा आहे. जवळच्या नात्यांत एकच बिघडलेली प्रत दोन्हीकडे असण्याचा संभव अधिक. आपल्याकडे कित्येक ज्ञातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे; तेथें ही गोष्ट ध्यानांत ठेवणें विशेष अगत्याचें आहे.

या दोन टोकांच्या मध्यें आपण बहुतेक सर्व लोक येतों. डेन्मार्कमध्यें सोळा निरोगी पुरुषांचें रक्त वर्षभर दरमहा तपासण्यांत आलें व त्याचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें दिसलें कीं, ज्या मर्यादेस आपण सर्वांची ‘सामान्य’ मर्यादा म्हणतों, तिच्या सुमारें निम्म्याच रुंदीच्या पट्ट्यांत प्रत्येकाचें प्रमाण फिरत असतें. म्हणजे प्रत्येकाची आपली एक ठरीव पातळी असते. ती कोण ठरवितें? एकरूप जुळीं व साधीं जुळीं यांची तुलना करितां, माणसामाणसांतील या फरकापैकीं सुमारें दोन-तृतीयांश भाग आनुवंशिक असल्याचें तेथील शास्त्रज्ञांस आढळलें. पण येथें एकच जनुक कर्ता नसतो. टी.एस.एच.चा निरोप किती वेळ जागा राहावा, ग्रंथीची घडण कशी व्हावी, स्राव कोठें खर्ची पडावा, अशा बारीकसारीक कामांवर नेमलेलीं अनेक जनुकें आपापला थोडा थोडा भार तराजूंत टाकितात.

रोगाच्या बाबतींतही असाच अनेकांचा हात असतो. कधीं कधीं शरीराचें संरक्षण करणारी सेनाच या ग्रंथीवर उलटते. ती ग्रंथीचा हळूहळू नाश करूं लागली म्हणजे स्राव मंदावतो. याचें वर्णन जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनीं १९१२ सालीं केलें. उलट ती ग्रंथीस सारखी टोंचणी देऊं लागली, म्हणजे स्राव बेसुमार वाढतो. तो ग्रेव्हजचा रोग. दोन्ही स्त्रियांत पुष्कळ अधिक. ग्रेव्हजच्या रोगासंबंधीं डेन्मार्कमधील जुळ्यांची २००१ सालची पाहणी मोठी बोधप्रद आहे. एकरूप जुळ्यांपैकीं एकास रोग असतां दुसऱ्यासही तो होण्याचें प्रमाण शेंकडा सुमारें ३५, तर साध्या जुळ्यांत अवघें शेंकडा ३ होतें. केवढा हा फरक! रक्ताचा हात त्यांत स्पष्ट दिसतो. परंतु नाणें उलटून पाहा : जनुकें हुबेहूब तींच असूनही शंभरांपैकीं पासष्टांच्या भावंडांस तो रोग झाला नाहीं. तंबाखूचें धूम्रपान, आहारांतील आयोडिनचें प्रमाण अशीं बाहेरचीं कारणें येथें आपला वांटा उचलतात. जनुक उतार दाखवितें. पाणी वाहीलच असें नाहीं.

आणि जेथें दोष जन्मतःच असतो, तेथेंही मनुष्य अगदींच हतबल नाहीं. जगांत दोन ते चार हजार बालकांमागें एकाची अवटुग्रंथि जन्मापासून मंद असते. भारतांतील पाहण्यांत हें प्रमाण याहूनही अधिक आढळलें आहे. त्यांपैकीं बहुतेकांत ग्रंथीच नीट घडलेली नसते, व हें सहसा घराण्यांतून आलेलें नसतें. थोड्यांत मात्र स्राव बनविणारें एकादें जनुक बिघडलेलें असतें. बालक वरून निकोप दिसतें, शांत निजतें, आणि आंत मेंदूची वाढ खुंटत जाते. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत १९७० नंतरच्या दशकांत डॉ. दुसो यांनीं बाळाच्या टांचेंतील रक्ताच्या थेंबावरून हा दोष ओळखण्याची पद्धति सुरू केली. पहिल्या दोन आठवड्यांतच थायरॉक्सिनची गोळी चालू केली, तर तें मूल इतर मुलांसारखेंच खेळतें व शिकतें. उशीर झाला, तर गेलेली बुद्धि कोणत्याही औषधानें परत येत नाहीं. एक थेंब रक्त व रोजची एक लहानशी गोळी यांवर साऱ्या आयुष्याचा निकाल लागतो!

म्हणून वाचकांस आमचें सांगणें एवढेंच आहे. घरांत तान्हें मूल येईल, तेव्हां ही तपासणी झाली कीं नाहीं हें वडील माणसांस अवश्य विचारा. मिठाचा पुडा आयोडिनयुक्त आहे ना हें पाहा, व तें झांकून कोरड्या जागीं ठेवा. घराण्यांत हा विकार असेल, तर तो न लपवितां डॉक्टरांस सांगा. वर्गांत सदा पेंगणाऱ्या, मंद वाटणाऱ्या सोबत्यास आळशी म्हणून हिणविण्यापूर्वीं क्षणभर थांबा. दर वेळीं नसलें, तरी कधीं कधीं त्याचें मूळ गळ्यांतील या ग्रंथींत असतें. आणि दुखणाईत मुलाच्या आईस कोणी बोल लावूं लागला, तर त्यास कांगडा खोऱ्याची व त्या दोन बहिणींची गोष्ट सांगा.

खाण तशी माती हें खोटें नाहीं. पण कोणती माती आपल्या वांट्यास आली हें ओळखून तिला वेळेवर खतपाणी घालणें हें माणसाच्या हातीं आहे, आणि विद्येचा खरा उपयोग तोच होय.